काकांच्या फियाटचा रंग का सुटला?

पुण्याहून सोलापूरकडे निघाले, की इंदापूर आणि टेंभुर्णी मागे टाकल्यावर मोडनिंब लागते. माढा तालुक्यातले हे गाव हमरस्त्यावर आहे आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरही आहे. साहजिकच पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, टायरवाले आणि मिस्त्री यांचा इथे तुटवडा नाही. त्यांतल्याच एका मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही गेल्या उन्हाळ्याची सुट्टी घालवली. आम्ही म्हणजे मी, माझे काका, शाळेतले नववीचे चार विद्यार्थी आणि १९७२ सालची एक फियाट ११००.

ही गाडी काकांनी मुंबईत नोकरीला असताना जुनी विकत घेतली. वरळीच्या समुद्राजवळ ती वर्षानुवर्षे उघड्यावर उभी असे. निवृत्तीनंतर काका गावी आले, तशी गाडीही आली. काका आता शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांची इच्छा एवढीच, की एकदा स्वतः चालवत पंढरपूरला जाऊन यावे. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी बॉनेट उघडून इंजिनभोवतीच्या सगळ्या पत्र्याला एका रंगाऱ्याकडून नवा रंग मारून घेतला होता. पैसे बरेच गेले. रंग पहिल्या दिवशी आरशासारखा दिसत होता. पहिलाच पाऊस संपला आणि रंगाचे पोपडे निघू लागले. काका फारसे बोलले नाहीत; त्यांनी बॉनेट लावून टाकले आणि पुढली दोन-अडीच वर्षे ते उघडलेच नाही.

तुम्ही म्हणाल, इंजिनभोवतीचा पत्रा तो काय, झाकलेलाच असतो. रंग गेला तर गेला! पण थांबा. फियाट ११०० ची रचना ट्रक किंवा जीपसारखी नाही. जीपमध्ये खाली लोखंडी तुळयांची स्वतंत्र चौकट असते आणि वर पत्र्याची पेटी ठेवलेली असते. पेटी गंजली तरी चौकट भार पेलते. १९५३ मध्ये इटलीत या फियाटचा जो नवा नमुना आला, त्यात मात्र वेगळी चौकट नव्हती. पत्रेच वाकवून, एकमेकांना जोडून अशी पेटी केलेली, की तीच गाडीचा सांगाडा. खेकड्याला आत हाडे नसतात, कवच हाच त्याचा सांगाडा, तसेच हे. तेव्हा बॉनेटखालचा पत्रा गंजला म्हणजे गाडीचे हाडच गंजले. पुढच्या चाकांचे धक्के आणि इंजिनचे वजन शेवटी त्याच पत्र्यावर येते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ज्या कारखान्यात ही गाडी तयार झाली, तो मुंबईतल्या कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना. त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये आपल्या सोलापुरात झाला. कंपनी १९४४ मध्ये निघाली आणि १९४७ मध्ये तिची पहिली मोटार बाहेर पडली. याच फियाटचे पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा तो हाच. त्यातली शेवटची नोंदलेली टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. एका अर्थी काकांची फियाट गावाकडेच परत आलेली आहे.

पोपड्याची पाठ

मिस्त्रींनी बॉनेट उघडले तेव्हा मला वाटले, आता ते रंगाला नावे ठेवतील. त्यांनी तसे काही केले नाही. नखाने एक पोपडा सोडवला, उलटा केला आणि उजेडात धरला.

“सर, पोरास्नी हितं बोलवा,” ते म्हणाले. “रंग वरनं बगायचा नसतो. त्याची पाठ बगायची.”

त्यांनी तीन ठिकाणचे तीन पोपडे काढून कागदावर मांडले. पहिला इंजिन आणि बैठकीचा भाग यांच्यामधल्या उभ्या पत्र्यावरचा. त्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत आणि बोट फिरवल्यावर किंचित तेलकट. दुसरा बॅटरीच्या ट्रेजवळचा. त्याच्या पाठीला तांबूस भुकटी चिकटलेली आणि मधूनमधून पांढरट स्फटिक. तिसरा, जिथून इंजिनचा जळका धूर बाहेर पडतो त्या बिडाच्या नळकांड्यावरचा. मिस्त्री त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. हा पोपडा करपलेल्या पापडासारखा, बोटात धरताच चुरा होणारा.

एकच रंग, एकाच दिवशी, एकाच माणसाने मारलेला. आणि तो तीन वेगवेगळ्या कारणांनी सुटला होता. विद्यार्थ्यांनी वह्या काढल्या. मला स्वतःला हे फार आवडले. प्रयोगशाळेत आपण निष्कर्ष आधीच माहीत असलेले प्रयोग करतो. इथे तिन्ही उत्तरे आम्हालाच शोधायची होती.

तिसऱ्या पोपड्याचे कोडे सोपे होते. मॅनिफोल्ड काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. साध्या रंगाला धरून ठेवणारा राळेचा भाग कार्बनी संयुगांचा असतो, तो इतक्या उष्णतेत जळून जातो. तिथे सिलिकोनच्या राळेत ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला उष्णतारोधक रंगच द्यावा लागतो, नाहीतर बीड तसेच उघडे ठेवावे. पुष्कळ जुन्या गाड्यांत ते उघडेच असते आणि त्यावरच्या पातळ गंजाने काही बिघडत नाही, कारण बीड चांगले जाड असते.

खरी गंमत पहिल्या दोन पोपड्यांत होती.

पाण्याची साक्ष

काम सुरू करताना मिस्त्रींनी प्रथम बॅटरीची तार सोडली. दोन्ही तारांपैकी जी गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, ती अर्थिंगची तार आधी. का, ते विचार करून पाहा. दुसरी तार आधी सोडायला गेलो आणि हातातला पाना चुकून पत्र्याला टेकला, तर बॅटरीची दोन टोके पान्यातूनच जोडली जातात. पाना क्षणात लाल होऊ शकतो. अर्थिंग आधी सोडली, की पत्र्याचा संबंध तुटतो आणि मग पाना टेकला तरी मंडल पुरे होत नाही.

मग मुलांनी प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून क्रमांक घातले, मोबाइलवर फोटो घेतले. चेन कप्पीने इंजिन वर उचलून बाजूला ठेवले. उघड्या जागेत जे दिसले त्याला मळ म्हणवत नाही. तेल, ग्रीस, हमरस्त्याची धूळ आणि उसाच्या शेतांतली माती यांचा पन्नास वर्षांत झालेला थर, काळा आणि चिवट. लाकडी पट्टीने खरवडून दोन घमेली भरली. तो गटारात टाकू दिला नाही. थोडेसे तेलही पुष्कळ पाण्यावर पसरते आणि पाण्याला हवा मिळू देत नाही.

राहिलेला थर डिझेलने भिजवून ब्रशने सोडवला. पूर्वी याला रॉकेल वापरत. तेलात तेल विरघळते, हे तत्त्व. पण इथेच फसगत होते. डिझेलने पुसलेला पत्रा स्वच्छ दिसतो, प्रत्यक्षात त्याच्यावर डिझेलचाच पातळ पापुद्रा राहतो. तो काढायला गरम पाणी आणि धुण्याची पावडर लागते. या पावडरीच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरी शेपटी तेलात घुसणारी. असंख्य रेणू शेपट्या खुपसून तेलाचा बारीक थेंब वेढतात आणि तो पाण्याबरोबर वाहून नेतात. घरी तेलकट कढई घासताना हेच होते.

धुऊन झाल्यावर मिस्त्रींनी तांब्याभर स्वच्छ पाणी पत्र्यावर ओतले आणि मुलांना म्हणाले, “बगा. सांगा मला, पानी काय म्हंतंय.”

पाण्याचा पडदा पत्र्यावरून खाली आला, पण मध्येच दोन-तीन ठिकाणी फाटला आणि तिथे थेंब-थेंब उभे राहिले. अळूच्या पानावर राहतात तसे. जिथे तेलाचा लवलेश असतो, तिथे पाणी पसरत नाही. पृष्ठताणामुळे गोळा होते. पत्रा खरोखर निर्मळ असेल तर पाण्याचा पडदा अखंड राहतो. यंत्रसामग्री लागत नाही, आणि डोळ्यांना न दिसणारा थर सापडतो.

आम्ही पुन्हा धुतले. पुन्हा पडदा फाटला, आणि या वेळी नव्याच जागी! मुले गोंधळली. तिसऱ्यांदा धुतल्यावर एका मुलीच्या लक्षात आले, की ज्या फडक्याने आम्ही पत्रा पुसत होतो, ते गॅरेजमधल्या तेलकट चिंध्यांच्या ढिगातले होते. फडके बदलले आणि पाणी सरळ खाली आले. तिला मिस्त्रींनी त्या दिवसापुरते फोरमन केले.

पहिल्या पोपड्याचे उत्तर आता मिळाले. रंग पत्र्याला चिकटलाच नव्हता. तो तेलाच्या पापुद्र्याला चिकटला होता. शिवाय खालचा जुना रंग खरवडलेला नव्हता, म्हणून पोपड्याची पाठ चकचकीत. गुळगुळीत काचेवर शेणाचे सारवण धरेल का? भिंत खडबडीत असली की गिलावा धरतो. पॉलिशपेपरने घासले, की पत्र्यावर हजारो बारीक चरे पडतात. रंग त्यांत शिरतो आणि वाळल्यावर तिथे अडकून बसतो. चिकटायला जागाही वाढते.

घासताना मात्र आम्ही कोरडे घासले नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या रंगांत शिशाची संयुगे असण्याचा संभव असतो आणि त्यांची धूळ श्वासात जाणे वाईट, मुलांना तर विशेष. पाणी लावून घासले की धूळ उडत नाही. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर मुलांच्या हाती दिलाच नाही.

मातीखाली काय चालले होते?

दुसऱ्या पोपड्याकडे वळू. त्याच्या पाठीला गंज होता. मोडनिंब तसे कोरडे गाव. इथे लोखंड मुंबईइतके गंजत नाही. मग इतका गंज कुठून आला?

गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी झालेला संयोग, हे तुम्ही पाठ केलेले असते. ते खरे आहे, पण अर्धेच. गंजणारा लोखंडाचा तुकडा हा एक छोटा विद्युत्‌घट असतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन यांच्याशी मिळून हायड्रॉक्साइडचे आयन तयार करतात. दोन्ही आयन भेटतात तिथे गंज साचतो. म्हणजे लोखंड खाल्ले जाते एकीकडे आणि ऑक्सिजन वापरला जातो दुसरीकडे.

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात हे एका थेंबाने दाखवले. तुम्हीही शाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, करून पाहा. मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचा कण टाका. (त्यात आम्ल मात्र कधीही घालू नका.) स्वच्छ घासलेल्या लोखंडी पट्टीवर या पाण्याचा मोठा थेंब ठेवा. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी आणि मधला भाग निळा होतो. निळा रंग सांगतो, की लोखंड मध्यभागी विरघळते आहे. गुलाबी रंग सांगतो, की हायड्रॉक्साइड कडेला तयार होते आहे. कडेला हवा लवकर पोचते, मध्यभागी पोचत नाही. आणि खाल्ला जातो तो मधला, हवा न मिळणारा भाग!

हे वाचून तुम्ही चमकला असाल. मीही पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा पट्टी उलटसुलट करून पाहिली होती. ऑक्सिजनने गंज चढतो, मग जिथे ऑक्सिजन कमी तिथे लोखंड का झिजावे? कारण ऑक्सिजन भरपूर असलेली जागा इलेक्ट्रॉन मागते आणि ते पुरवायची पाळी ऑक्सिजन नसलेल्या जागेवर येते.

आता बॉनेटखाली हेच लावून पाहा. कोपऱ्यात ओल्या मातीचा ढेकूळ बसला आहे. त्याच्या भोवतीच्या पत्र्याला हवा मिळते, ढेकळाखाली मिळत नाही. ढेकळाखालचा पत्रा खाल्ला जाऊ लागतो. त्यात मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याने आणलेले मीठ त्या खाचांत अडकलेले. मीठ हवेतली दमट शोषते आणि विद्युत्‌प्रवाहाची वाट सुकर करते. गाडी मोडनिंबला आली तरी मीठ गाडीतच राहिले. तीन वर्षांपूर्वी त्या मिठावर, त्या मातीवर, त्या गंजावर रंग चढवला गेला. रंगाचा थर पूर्ण जलाभेद्य नसतो. पाण्याची वाफ हळूहळू आत झिरपते. आत घट सुरू झाला. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून त्याने रंगाला खालून ढकलून उचलले. पोपडा म्हणतात तो हा.

बॅटरीच्या ट्रेची अवस्था तर याहून वाईट. मोटारीच्या बॅटरीत सौम्य गंधकाम्ल असते. त्याचे विशिष्ट गुरुत्व भारलेल्या अवस्थेत सुमारे १.२५ असते. बॅटरी जास्त भारली गेली की हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात आणि ते आम्लाचे बारीक तुषार बरोबर आणतात. (म्हणून बॅटरीजवळ काडी ओढायची नाही!) हे तुषार ट्रेवर बसून पत्रा खातात. मुलांनी हातमोजे आणि चष्मे घालून खाण्याच्या सोड्याचे पाणी ट्रेवर ओतले. फसफस झाली. सोडा आणि आम्ल मिळून कार्बन डायऑक्साइड निघत होता. फसफस थांबली तेव्हा आम्ल संपले असे धरले. मग भरपूर पाण्याने धुतले, कारण उरलेले क्षारही रंगाखाली नकोत.

धुतल्यावर मिस्त्रींनी जुना स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पत्र्यावर इथे-तिथे टोचत गेले. टण्‌, टण्‌, टण्‌ असा आवाज येत होता. ट्रेच्या खाली आवाज बदलला. फद्. स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला.

काका स्टुलावर बसून पाहत होते. ते म्हणाले, “लांबी भरून वरून रंग मारला तर नाही का चालायचं? कुणाला दिसतंय आत?”

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “अण्णा, दिसायचा प्रश्न न्हाय. ह्या पत्र्याखालनं आडवी पट्टी गेलीया, तिच्यावर पुढचा भार हाय. लांबी भरली तर झाकल, पर पेलायची न्हाय. पंढरपूरच्या वाटंवर खड्डा लागला तर मी काय उत्तर देऊ?”

लांबी हा भिंतीतले आणि पत्र्यातले खळगे बुजवायचा मसाला. तो गुळगुळीत करता येतो, पण ताण सहन करत नाही. काका बराच वेळ गप्प होते. पत्रा कापायचा म्हणजे खर्च वाढणार, आणि दुसरी एक काळजी होती. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘विंटेज’ वाहनांची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी या वर्गात नोंदता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण चौकट, पत्र्याचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. काकांना तर ती चालवायची होती. शेवटी त्यांनीच तोड काढली: विंटेजची नोंदणी नको, नेहमीचेच नूतनीकरण करायचे, पण तुकडा जोडायचा तो त्याच जाडीचा, त्याच आकाराचा, मूळ वळणासारखा. कापलेला भाग वितभर होता. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा साचा करून घेतला, त्यावरून पत्रा कापला, ठोकून वळवला आणि वेल्ड केला. या कामाला दोन दिवस लागले आणि सगळ्या दुरुस्तीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच, असे माझे मत आहे. बाहेरून ते आज अजिबात दिसत नाही.

शेंदूर आणि तांबडा रंग

उरलेल्या पातळ गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले. ते गंजाशी संयोग पावून लोखंडाच्या फॉस्फेटचा करडा, घट्ट थर तयार करते. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सोळाशे वर्षे का टिकला, याचे जे स्पष्टीकरण कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी दिले, त्यातही फॉस्फेटचाच भाग मोठा आहे. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठावर संरक्षक थर बनला.

धुतलेला उघडा पत्रा तासाभरातच तांबूस होऊ लागतो, हे मुलांनी पाहिले. म्हणून पत्रा वाळवला, की त्याच दिवशी अस्तराचा हात द्यायचा, हा मिस्त्रींचा दंडक. त्यांचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. ते सांगत, की त्या काळी लोखंडाला पहिला हात शेंदराचा. मारुतीच्या मूर्तीला तेलात कालवून लावतात तोच शेंदूर. रसायनशास्त्रात तो शिशाचा एक ऑक्साइड. जवसाच्या तेलात मिसळून तो लोखंडी पुलांना आणि जहाजांना दिला जाई आणि गंज चांगला रोखी. पण शिसे विषारी, विशेषतः मुलांच्या मेंदूला. म्हणून त्याचा वापर मागे पडला. घरगुती रंगांत तर २०१७ पासून शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त ठेवायला आपल्याकडे मनाई आहे.

आता हार्डवेअरच्या दुकानात मिळते ते ‘रेड ऑक्साइड’. हा लोखंडाचाच ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ! पण हा भाऊ शांत आहे. त्याला आता ऑक्सिजन नको, पाणीही नको. तो नुसता वाटेत आडवा पडून राहतो. आम्ही मात्र झिंक फॉस्फेट मिसळलेले इपॉक्सी अस्तर वापरले. ते आडवे तर पडतेच, वर पत्र्यावर फॉस्फेटचा थर राखायलाही मदत करते.

शेवटचा रंग कोणता, यावर वाद झाला. काकांना जुना ‘ड्यूको’ हवा होता. १९२०-३० च्या दशकात मोटारींना रंग देण्यात क्रांती केली ती या नायट्रोसेल्युलोजच्या रंगाने. त्याआधी तेलाचे रंग वाळायला इतका वेळ लागे, की एका गाडीच्या रंगकामात आठवडेच्या आठवडे जात. ड्यूको वाळतो तो नुसता थिनर उडून गेल्यामुळे, म्हणून तासाभरात कोरडा. पण जे थिनर उडून जाऊन वाळते, ते थिनरने पुन्हा विरघळतेही. बॉनेटखाली पेट्रोल सांडते, ब्रेक ऑइल गळते. तिथे असा रंग टिकत नाही. दोन डब्यांतला पॉलियुरेथेनचा रंग वाळताना रासायनिक क्रियेने रेणूंची जाळी विणतो आणि मग तो सहज विरघळत नाही. काकांनी ऐकले, छटा मात्र जुनीच करून घेतली, बॅटरीच्या ट्रेखालच्या पत्र्यावर उरलेला मूळ रंगाचा रुपयाएवढा ठिपका दुकानात नेऊन.

या दुसऱ्या डब्यात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या तुषारांनी कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. म्हणून फवारणीच्या दिवशी मुलांना घरी पाठवले. मिस्त्रींनी योग्य गाळणीचा मुखवटा चढवला आणि शेडची दोन्ही दारे उघडी ठेवली. एरवी रंगाऱ्यांना उघड्या तोंडाने फवारताना आपण रोज पाहतो. ते पाहवत नाही.

किती रंग लागेल, याचे गणित मुलांनी आदल्या दिवशीच केले होते. एक लिटर रंग दहा चौरस मीटरवर सारखा पसरला तर ओल्या थराची जाडी किती? एक लिटर म्हणजे १००० घन सेंटिमीटर, दहा चौरस मीटर म्हणजे १,००,००० चौरस सेंटिमीटर. भागाकार ०.०१ सेंटिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन. थिनर उडाल्यावर त्यातला निम्मा किंवा त्याहून कमी उरतो. माणसाच्या केसापेक्षाही पातळ! एवढ्या पापुद्र्याच्या भरवशावर गाडीचा सांगाडा पाऊसपाण्यात उभा असतो.

मे महिन्यातली दुपार निवडली तीही मुद्दाम. दमट हवेत फवारले, तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले बाष्प धरते आणि रंग दुधाळ होतो. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्याला आपण नेहमी शिव्या देतो. रंगाऱ्याला मात्र तो मानवतो. फक्त वारा सुटण्याआधी जमिनीवर पाणी मारून धूळ बसवावी लागते.

मुलांनी पत्र्याचे तीन तुकडे वेगळे रंगवले होते: एक तेलकट ठेवून, एक गंजावर आणि एक नीट धुऊन, पाण्याच्या कसोटीला उतरल्यावर. तिन्हींवर खिळ्याने फुली ओरखडून ते शाळेच्या गच्चीवर टांगले. पावसाळ्यानंतर तेलकट तुकड्यावरचा रंग चिकटपट्टी लावून ओढताच पट्टीबरोबर आला. गंजावरच्या तुकड्याला फुलीच्या दोन्ही बाजूंना फोड आले. तिसऱ्याला फक्त फुलीच्या रेघेत तांबूस कड आहे. तो अजून गच्चीवरच आहे.

इंजिन परत बसवल्यावर नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात न्यायची होती. आदल्या संध्याकाळी काकांनी बॉनेट उघडले आणि पत्र्यात ठोकलेला चासी क्रमांक बॅटरीच्या उजेडात एकेक आकडा बोट ठेवून वाचला. घासताना तेवढी जागा मिस्त्रींनी कागद चिकटवून झाकून ठेवली होती आणि शेवटी तिथे रंगाचा अगदी पातळ हात दिला होता. सगळे आकडे लागले. काकांनी बॉनेट लगेच लावले नाही.